‘हॉटेलातले संगीत’ म्हणून हिणवण्यापूर्वी

संगीतावर लिहिणाऱ्यांजवळ काही विशेषणे अशी असतात, की ती वापरली म्हणजे ऐकण्याचे श्रम वाचतात. ‘श्रवणसुलभ’, ‘रंजनप्रधान’, ‘गोडगोड’ ही त्यांतली सौम्य. ‘हॉटेलातले संगीत’ हे सर्वांत जहरी. हे शेवटचे विशेषण ज्या एका ध्वनिमुद्रिकेला वर्षानुवर्षे चिकटवले गेले, तिच्या बाजूने हा लेख आहे. अमेरिकन पियानोवादक अहमद जमाल याच्या ट्रायोची, म्हणजे पियानो, बास आणि ड्रम्स अशा वाद्यत्रयीची, ‘ॲट द पर्शिंग : बट नॉट फॉर मी’ ही ती तबकडी. १६ एप्रिल २०२३ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी जमालचे निधन झाले, तेव्हा त्याच्यावर पुष्कळ आदराने लिहिले गेले. परंतु या तबकडीचे समर्थन ज्या रीतीने करण्याचा प्रघात आहे, ती रीत मला मूळ आरोपाइतकीच आक्षेपार्ह वाटते. तेव्हा आरोप आणि बचाव या दोहोंचाही समाचार घेणे प्राप्त आहे.

आधी वस्तुस्थिती. शिकागोच्या दक्षिण भागात, कॉटेज ग्रोव्ह मार्ग आणि ६४ वा रस्ता यांच्या चौकात पर्शिंग हॉटेल होते. वस्ती कृष्णवर्णीयांची. याच हॉटेलच्या नृत्यगृहात १९५० मध्ये चार्ली पार्कर वाजवून गेला होता. तेथील लाउंजमध्ये जमालचा ट्रायो नियमित वाजवीत असे. १६ जानेवारी १९५८ रोजी तेथे, गिऱ्हाइकांच्या समोर, एका रात्रीत ४३ चिजा ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्यांतून अवघ्या आठ निवडून शिकागोच्याच चेस कंपनीच्या ‘आर्गो’ या शाखेने तबकडी काढली. पियानोवर २७ वर्षांचा जमाल, बासवर इझ्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निए. आठांपैकी बहुतेक चिजा प्रचलित गाण्यांच्या, काही तर नाटकसिनेमातल्या. अडीच-तीन-चार मिनिटांत आटोपणाऱ्या. अपवाद ‘पॉइन्सियाना’चा, ती आठ मिनिटांची आहे. ही तबकडी खपाच्या याद्यांत शंभरांहून अधिक आठवडे टिकून राहिली. वाद्यसंगीताच्या जॅझ तबकडीला असे भाग्य तेव्हा क्वचितच लाभे.

आणि हेच तिला भोवले. जाणकारांच्या नियतकालिकांतून जमालची संभावना ‘कॉकटेल पियानिस्ट’ अशी झाली. पेयपानाच्या वेळी मागे हळू वाजत राहावा असा. मार्टिन विल्यम्स हा त्या काळचा अत्यंत जबाबदार समीक्षक. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की जमालचे खरे वाद्य पियानो नसून समोर बसलेला श्रोतृवर्ग आहे. तो वाजवतो ते माणसांना. विल्यम्सचा आवाका मोठा होता, हे मान्य करूनच त्याचा प्रतिवाद केला पाहिजे. त्याच्या आरोपाची फोड केली तर चार आरोप निघतात : जमाल कमी वाजवतो, त्याचे वादन आधी ठरवलेले असते, त्यात उत्स्फूर्तता नसते, तो परिणामांची खेळी करतो, आणि तो लोकांना आवडतो. चौथा आरोप कोणी उघडपणे करीत नाही, पण पहिल्या तिघांना धार त्याचीच असते.

पहिला आरोप अक्षरशः खरा आहे. जमाल कमी वाजवतो. एखादे स्वरवाक्य अर्धे सोडून तो हात उचलतो आणि दोन दोन, चार चार मात्रांचे अवकाश रिकामे जाऊ देतो. पण रिकामे म्हणजे काय? पियानो थांबतो त्या क्षणी क्रॉस्बीचा बास पुढे येतो आणि लक्षात येते, की तो इतका वेळ आधार देण्याखेरीज स्वतःचे एक समांतर गाणे गात होता. फोर्निएचे ब्रश त्याच फटीतून ऐकू येतात. जमालने सोडलेली जागा तो श्रोत्याच्या कानाकडून भरून घेतो, कारण गाणे श्रोत्याच्या परिचयाचे आहे. पुढची ओळ न वाजवताही ती वाजते. परिचित गाणी निवडण्याचे कारण येथे आहे. अनोळखी चीज घेऊन ही किमया साधणार नाही. ज्यांनी ख्यालात सम टाळून, आवर्तन मोकळे सोडून, ठेक्यालाच बोलू देणारा गायक ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. तेथे आपण त्याला विश्रांतीचे सौंदर्य म्हणतो. पियानोवाल्याने तेच केले की त्याला वाजवता येत नाही असे म्हणायचे, हा न्याय कोणता?

वाजवता येत नाही, ही शंका तर मुळातच निराधार आहे. पिट्सबर्गमध्ये जन्मलेल्या या मुलाने (तेव्हा त्याचे नाव फ्रेडरिक रसेल जोन्स होते, इस्लामचा स्वीकार त्याने पुढे तरुणपणी केला) मेरी कार्डवेल डॉसन यांच्याकडे शिक्षण घेतले. या बाईंनी १९४१ मध्ये कृष्णवर्णीय कलावंतांची ऑपेरा कंपनी स्थापन केली होती. लिस्टच्या अवघड रचना त्याने लहानपणीच हाताखालून घातल्या होत्या. म्हणजे हाताशी सर्व काही असताना त्याने बहुतेक ते बाजूला ठेवले. ‘वुडी अँड यू’ या डिझी गिलेस्पीच्या रचनेत तो क्षणभर दोन्ही हात मोकळे सोडतो आणि पुन्हा आवरतो; तेवढ्यावरून राखीव साठा किती आहे याची कल्पना येते. संयमाला दारिद्र्य समजण्याची चूक समीक्षक करतो, तेव्हा उणीव त्याच्या कानात असते.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो जॅझच्या तत्त्वज्ञानाला भिडतो. जॅझचा प्राण उत्स्फूर्त विस्तारात आहे असे मानले, तर बांधलेले वादन दुय्यम ठरते. पण त्या दशकातल्या सरासरी वादनाची घडण काय होती? आरंभी गाण्याची चाल, मग एकामागून एक प्रत्येकाचा एकल विस्तार, शेवटी पुन्हा चाल. मधला भाग कितीही प्रतिभावान असो, आकृतिबंध एकच. गाडीच्या डब्यांसारखा, हवे तितके डबे जोडावेत. जमालने या रचनेलाच हात घातला. तो मध्येच एक छोटी, आवर्ती आकृती सुरू करतो आणि बास व ड्रम्सना तिच्यावर झुलत ठेवतो. मूळ गाण्याकडे परततो, शेपटाकडची एखादी ओळ पुन्हा पुन्हा फिरवतो, आवाज एकदम कुजबुजीइतका खाली आणतो आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांचे भरगच्च आघात करतो. ही आवर्ती आकृती म्हणजे काय, हे कथकच्या किंवा एकल तबल्याच्या मैफलीत लेहरा ऐकलेल्यांना चटकन कळेल : धरून ठेवलेली एक छोटी धून, जिच्या स्थैर्यामुळे वरच्या हालचालीला अर्थ येतो. तिघे मिळून एक वाद्यवृंद आहेत अशी कल्पना करून जमालने प्रत्येक गाणे नव्याने बांधले. ही बांधणी आधीची आहे, हे खरे. पण बांधणी करणे हेही सर्जन आहे, आणि रूपाचा विचार करणे हे विस्तार करण्याहून सोपे नाही. स्टॅन्ली क्राउच या समीक्षकाने पुढे पार्करनंतरच्या जॅझमधील रूपाच्या नवनिर्मितीचे श्रेय सर्वाधिक जमालला दिले. त्या मूल्यमापनाशी तंतोतंत सहमत होण्याची आवश्यकता नाही. परंतु प्रश्न कोठे आहे हे त्याने अचूक ओळखले.

‘पॉइन्सियाना’कडे या दृष्टीने पाहावे. नॅट सायमनचे हे १९३६ सालचे गाणे. तालाचा सगळा डोलारा फोर्निएने उभा केला आहे. तो न्यू ऑर्लिन्सचा. त्या शहराच्या रस्त्यांवरून निघणाऱ्या मिरवणुकांत मोठा ढोल आणि झांज मिळून जी चाल धरतात, तिचा गुण त्याच्या ठेक्यात उतरला आहे. मऊ टोकाच्या काठीने ढोलांवर पडणारे ते गोलसर आघात प्रथम ऐकणाऱ्याला ड्रम्स वाजवणारे दोघे आहेत की काय, असा संशय येतो. क्रॉस्बी त्याच्या खाली एक सोपी, न थकणारी आकृती धरून बसतो. आणि जमाल? तो आठ मिनिटांत चालीचे तुकडे या ठेक्यावर ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. येथे एकल वादनाचा नायक कोणीच नाही. तिघांपैकी कोणालाही काढा, रचना कोसळते. पार्श्वसंगीताचे लक्षण काय? ते कोठूनही ऐकले, कोठेही सोडले, तरी बिघडत नाही. ‘पॉइन्सियाना’ मधूनच ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण तिचा ताण मिनिटामिनिटाने साठत जातो. हॉटेलच्या लाउंजमध्ये, ग्लासांच्या आणि संभाषणाच्या आवाजात, माणसांना इतका वेळ अशा साठवणुकीला बांधून ठेवणे हे सभागृहात गप्प बसवलेल्या श्रोत्यांसमोर वाजवण्याहून कठीण काम आहे.

येथे तिसऱ्या आरोपाचे, म्हणजे परिणामांच्या खेळीचे, उत्तर निम्मे मिळते. उरलेले निम्मे प्रामाणिकपणे दिले पाहिजे. होय, जमाल परिणाम साधतो. ‘म्युझिक, म्युझिक, म्युझिक’ हे १९५० च्या सुमाराचे, नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रावरचे उथळ गाणे तो घेतो, त्यात गंमत करतो, आणि श्रोते खूश होतात. कुजबुज आणि गर्जना यांची आलटापालट त्याने पुढच्या दीर्घ कारकिर्दीत कधी कधी सवयीने वापरली. ‘पॉइन्सियाना’ तर अखेरपर्यंत त्याची पाठ सोडीना. विल्यम्सला जे दिसले ते भ्रम नव्हते. परंतु श्रोत्यांची अपेक्षा जाणून तिच्याशी खेळणे हा दोष मानला, तर तिहाई घेऊन समेवर येणारा प्रत्येक तबलजी दोषी ठरेल आणि टाळीच्या जागा ठाऊक असलेला प्रत्येक कीर्तनकारही. दोष केव्हा होतो? परिणामामागे रचना नसेल तेव्हा. पर्शिंगच्या तबकडीवरील गंमतही रचनेच्या पोटातून येते. विल्यम्सने एक धोका ओळखला आणि त्या धोक्यालाच कृतीचे मूल्य समजून निकाल दिला. मतभेद एवढाच आहे, पण तो लहान नाही.

आता चौथा, न बोललेला आरोप. ही तबकडी कोणी विकत घेतली? लाउंजमध्ये बसलेले लोक कोण होते? शिकागोच्या दक्षिण भागातले नोकरदार, कामकरी, संध्याकाळी नीटनेटके कपडे घालून बाहेर पडलेले कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष. त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या पियानोवादकाला आधी ओळखले. नियतकालिके नंतर आली, आणि आली ती नाके मुरडत. ज्या संगीताचा जन्मच या समाजातला, त्याच समाजाची पसंती उथळपणाचा पुरावा म्हणून वापरली जावी, यात एक उद्दामपणा आहे आणि तो स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. जमालने स्वतः तर ‘जॅझ’ हा शब्दच नापसंत केला. आपल्या संगीताला तो अमेरिकेचे अभिजात संगीत म्हणे. मिळालेल्या पैशातून त्याने शिकागोत ‘अल्हाम्ब्रा’ नावाचे उपाहारगृह काढले, तेथे मद्य मिळत नसे. ते चालले नाही. पण ‘कॉकटेल पियानिस्ट’ ही शिवी ज्याला दिली गेली, त्याने स्वतःच्या जागेतून कॉकटेलच हद्दपार केले होते, ही गोष्ट शिवी देणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हरकत नव्हती.

आरोपांविषयी इतके पुरे. आता बचावाकडे वळतो. जमालचे समर्थन करणारे बहुधा एकच साक्षीदार उभा करतात : माइल्स डेव्हिस. साक्ष बिनतोड आहे. माइल्सच्या बहिणीने त्याला या शिकागोच्या पियानोवादकाची खबर दिली. माइल्सने आपला पियानोवादक रेड गार्लंड याला तसे वाजवण्याची गळ घातली. ‘अहमद्स ब्लूज’ १९५६ मध्ये त्याच्या पंचकाच्या ध्वनिमुद्रणात आली. जमालची ‘न्यू रुंबा’ १९५७ मध्ये गिल एव्हान्सने ‘माइल्स अहेड’साठी मोठ्या वाद्यवृंदात बसवली. ‘सरी विथ द फ्रिंज ऑन टॉप’सारखे नाटकातले गाणे माइल्सने घेतले, त्यामागेही जमालचीच पसंती होती. हे सर्व खरे. मग आक्षेप कशाला? आक्षेप असा, की या बचावात जमाल उसन्या प्रतिष्ठेवर जगतो. थोर माणसाने वाखाणले म्हणून हे संगीत थोर, असा तो युक्तिवाद आहे. त्यात ऐकणे पुन्हा टळतेच. पूर्वी एका विशेषणाने टळले, आता एका नावाने. शिवाय यातून जमाल हा माइल्सच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन बसतो. माइल्स जन्मालाच आला नसता तरी पर्शिंगची ती रात्र तितकीच उत्तम झाली असती. समर्थन करायचे असेल तर तबकडीतल्या मात्रा मोजून करावे.

याच आळसाचे दुसरे रूप इतिहासलेखनात दिसते. जॅझमधील पियानो ट्रायोत समानता केव्हा आली, असे विचारले की उत्तर तयार असते : बिल एव्हान्स, स्कॉट लफॅरो आणि पॉल मोशन, डिसेंबर १९५९ मधील ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ आणि जून १९६१ मधील व्हिलेज व्हॅनगार्डची मैफल. त्या तिघांचे मोठेपण निर्विवाद आहे. लफॅरो त्या मैफलीनंतर दोन आठवड्यांच्या आत अपघातात गेला, यामुळे त्या कथेला शोकान्तिकेचे वलयही लाभले. परंतु त्याआधी दोन वर्षे पर्शिंगमध्ये काय चालले होते? तेथील समानता वेगळ्या प्रकृतीची होती, एवढेच. एव्हान्सच्या ट्रायोत तिघे एकाच वेळी बोलतात. जमालच्या ट्रायोत एक जण थांबतो आणि दुसऱ्याचे ऐकू येते. पहिल्या प्रकाराला ‘संवाद’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘मांडणी’, असा भेद करून इतिहासकार मोकळे होतात. क्रॉस्बी तर १९३५ मध्ये, पोरवयात, जीन क्रुपाच्या ध्वनिमुद्रणात स्वतःच्या बासभोवती गुंफलेल्या चिजेचा नायक झालेला माणूस. १९६२ मध्ये तो निवर्तला. त्याच्या वाट्याला वलय आले नाही, कारण त्याने ज्या तबकडीवर आपले सर्वोत्तम वाजवले तिला समीक्षकांनी आधीच हॉटेलात बसवून ठेवले होते.

वाचक म्हणतील, शिकागोच्या भांडणाशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि गोव्याकडे पाहिले की ते ठळक होते. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड हे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक येऊन राहिले. त्यांच्या सहवासात आणि त्यांच्यानंतर ज्यांनी हे संगीत आपलेसे केले, ते बहुसंख्य गोमंतकीय होते. हळदोण्याचा आन्तोनियो झेवियर वाझ, जो ‘चिक चॉकलेट’ म्हणून प्रसिद्ध झाला, रात्री हॉटेलात वाजवी आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जाई. आपले सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तील संगीतात त्याचा हात आहे. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्या लेखण्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ लिहिले. आमच्या संगीतचर्चेत यांना स्थान किती? ‘अण्णां’च्या चालींवर आपण तासन्‌तास बोलतो, त्या चालींना अंग देणारा ट्रंपेटवाला ‘हॉटेलात वाजवणारा’ म्हणून तळटिपेतही येत नाही. शिकागोत जे विशेषण जमालला लावले गेले, तेच येथे या मंडळींना लावले गेले, आणि येथे तर त्यांच्या मदतीला कोणी माइल्स डेव्हिसही नव्हता.

म्हणून मुद्दा एका तबकडीपुरता राहत नाही. संगीत कोठे वाजले, समोर कोण बसले होते, तबकडी किती खपली, यांवरून त्याची प्रत ठरवण्याची सवय सोडल्याखेरीज आपल्याला आपल्याच भूमीतल्या अर्ध्या संगीताचा इतिहास लिहिता येणार नाही. दरबारात वाजलेले ते अभिजात आणि हॉटेलात वाजलेले ते पोटभरू, हा भेद कलेचा नाही. यजमानाच्या प्रतिष्ठेचा आहे. दरबारी गवईही पोटासाठीच गात होता, आणि त्यालाही धन्याच्या गप्पा चालू असताना गावे लागत होते.

पुढच्या पिढ्यांनी जमालचा निकाल आपल्या परीने लावला आहे. १९९४ मध्ये नॅस या रॅप गायकाच्या ‘द वर्ल्ड इज युअर्स’साठी पीट रॉकने जमालच्या १९७० च्या ‘दि अवेकनिंग’ या तबकडीतील एक तुकडा उचलून त्याचेच आवर्तन केले. जमालच्या वादनात ही मोकळी जागा आणि ही आवर्ती आकृती आधीपासूनच होती, म्हणून ते जमले. १९९५ च्या ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ या चित्रपटातून पर्शिंगची तबकडी पुन्हा घराघरांत गेली. या दोन गोष्टींनी तिची थोरवी सिद्ध होते असे मी म्हणणार नाही; तसे म्हटले तर माझ्याच युक्तिवादाला मी हरताळ फासीन. खप जसा दोष नाही, तसा तो गुणही नाही.

आपल्या मंडळांच्या श्रवणसत्रांत पाश्चात्त्य संगीत लागते ते बाख-बेथोव्हेनपाशी सुरू होऊन तेथेच संपते, आणि जॅझचा प्रस्ताव आला तर ‘ते चहापानाच्या वेळी लावू’ असे अर्धवट थट्टेने म्हटले जाते. माझी सूचना अशी : एका सत्रात पर्शिंगची आठही गाणी, चहा न देता, क्रमाने लावावीत. ऐकताना पियानोकडे लक्ष न देता क्रॉस्बीच्या बासकडे द्यावे, आणि पियानो किती वेळा थांबला ते मोजावे. त्यानंतर ज्याला हे संगीत हलके वाटेल, त्याने तसे जरूर लिहावे. पण कोणत्या चिजेत, कोणत्या जागी ते हलके झाले, हेही लिहावे.